नवीन ऑफसेट स्मोकर घेतलाय : जोडतानाच काय काय उरकून घेऊ?

खमंग

मंडळी, केटलवर (गोल झाकणाच्या कोळशाच्या शेगडीवर) कणसं आणि तंगड्या भाजण्यात बरीच वर्षं गेली, आता मंद धुरावर शिजवायचा स्मोकर घेतला. आडवं नळकांडं, एका अंगाला खाली जाळाची पेटी, दुसऱ्या टोकाला धुराडं, असा नेहमीचा ऑफसेट. पत्रा पातळ आहे, जेमतेम दोन मिलीमीटर. ते घेतानाच दिसत होतं, तेव्हा "हा कशाला घेतला" यावर वेगळा धागा काढावा ही नम्र विनंती. कर्ज घराचं काढलंय, स्मोकरचं नाही.

खोका गॅरेजमध्ये आहे, अजून फोडलेला नाही. जोडून झाल्यावर पुन्हा उघडून कराव्या लागतील अशा गोष्टी आधीच उरकाव्यात असा विचार आहे. फटी कशाने बुजवायच्या? सीझनिंगला (आतून तेल लावून जाळाने त्याचा थर बसवायला) तेल कोणतं आणि जाळ किती वेळ? यूट्यूबवर ढीगभर मॉडिफिकेशन दाखवतात, त्यातली खरोखर कामाची कोणती? 4 जुलैला पंधराएक जण येणार आहेत, त्यातले निम्मे शाकाहारी. मुक्काम पोस्ट कोलंबस, ओहायो.

टेक्सासकर

वेगळा धागा काढत नाही, इथेच लिहितो :)

पाव इंच जाडीचा पत्रा असला की जाळ थोडा खालीवर झाला तरी आतलं तापमान हलत नाही, कारण लोखंडच उष्णता धरून ठेवतं. दोन मिलीमीटरवाल्यात वाऱ्याची झुळूक आली की काटा खाली आणि तुम्ही खुर्चीतून वर. आमच्याकडचे नावाजलेले पिट (मोठे स्मोकर) एकतर विटांनी बांधलेले, नाहीतर जुन्या प्रोपेनच्या टाक्या कापून केलेले. खोका फोडला नसेल तर परत करा आणि कोणाचा तरी जुना, जाड, गंजका का होईना, तो बघा. गंज घासून जातो, पत्र्याची जाडी वाढत नाही.

चिंचगूळ

टेक्सासकर, तो जाड पिट हलवायला चार माणसं लागतात आणि तापवायलाच तास-दीड तास लाकूड जाळावं लागतं हेही लिहा की. आमच्याकडे न्यू जर्सीत तो डेकवर ठेवला तर डेकसकट खाली येईल. खमंग, परत करू नका. फक्त एक पथ्य पाळा: स्मोकरच्या किमतीपेक्षा जास्त पैसे त्याच्या सुधारणेवर घालवायचे नाहीत. आमच्या एका मित्राने आधी झाकणाची पट्टी, मग ब्लोअर, मग वायफायवाला कंट्रोलर असं करत करत मूळ भांड्याच्या दुप्पट खर्च केला. आता तो त्यात फक्त पापलेट करतो.

शंकासुर

मुळात प्रश्न असा की वाटीत निखारा ठेवून वर चमचाभर तूप सोडलं आणि झाकण घातलं की दोन मिनिटांत धुंगार बसतो. त्याच कामाला तुम्हाला आठ तास, दीडशे पौंड लोखंड आणि एक धागा का लागतो?

चिंचगूळ

शंकासुरा, आठ तास बायको काही काम सांगत नाही. "जाळाकडे बघतोय" म्हटलं की झालं.

थंडगार

मिनेसोटाहून. चिंचगूळ, आमच्या घरी जाळाकडे मी बघते, आणि नवरा आत बसून "झालं का" विचारतो :)

खमंग, माझाही असाच पातळ पत्र्याचा आहे आणि छान चालतो. जोडतानाच लाल हाय-टेम्प सिलिकॉन घ्या, ट्यूबमध्ये मिळतं, आणि सगळ्या सांध्यांवर द्या. दिल्यावर किमान चोवीस तास हात लावू नका. वाळताना व्हिनेगरसारखा उग्र वास येतो, तो पूर्ण गेल्याशिवाय जाळ करायचा नाही. झाकणाला स्वतःच चिकटणारी फेल्टची पट्टी मिळते, ती लावा. लावण्याआधी कडेचं तेल अल्कोहोलने पुसून घ्या, नाहीतर पहिल्याच उन्हाळ्यात लोंबते.

भोसरीअण्णा

खमंगभाऊ, भोसरीत आपलं फॅब्रिकेशनचं शेड आहे. स्मोकर एकच केलाय, तोही एका गिऱ्हाइकाने चित्र आणून दिलं म्हणून. पण पत्रा, नटबोल्ट आणि गळती हा रोजचा धंदा, म्हणून बोलतो.

सगळे नट आधी नुसते बोटाने फिरवून ठेवा. पाना हातात घ्यायचाच नाही. पाय, दांडा, पेटी, धुराडं सगळं जागेवर आलं, सपाट फरशीवर उभं करून डुगडुगत नाही हे बघितलं, की मग समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळत जा. एकेक पूर्ण आवळत गेलात की शेवटची भोकं जुळत नाहीत. मग लोक भोकात टॉमी (लोखंडी दांडी) घालून ओढतात आणि पातळ पत्रा तिथेच पीळ खातो. झाकण नीट बसत नाही अशी तक्रार असते ना, त्यातली निम्मी झाकणं कारखान्यातून सरळच आलेली असतात, जोडताना पिळलेली असतात. आणि हातमोजे घाला. प्रेसमधून निघालेल्या पत्र्याची धार कोणी मारलेली नसते, बोट कापलं की कळतही नाही.

सिलिकॉनचं थंडगारताई म्हणतात ते खरं, पण सगळीकडे नाही. त्या ट्यूबवर साडेसहाशे फॅरनहाइट लिहिलेलं असतं, तेही थोड्या वेळापुरतं. पेटी आणि नळकांडं जिथे जोडतात तिथला पत्रा त्याच्याही वर जातो. तिथे काचतंतूची दोरी येते बघा, लाकडाच्या शेगडीच्या दाराला बसवतात ती. ती सांध्यात घाला आणि मग बोल्ट आवळा. सिलिकॉन धुराड्याच्या बुडाला, थर्मामीटरच्या भोकाला, लांबच्या टोकाच्या बोल्टांना.

बिडाचा_तवा

अण्णांना +१. पेटीच्या सांध्याला काही लोक फर्नेस सिमेंट सुचवतील, ते टाळा. तापमान सोसतं, पण वाळून दगडासारखं कडक होतं. पातळ पत्रा तापला की फुगतो, गार झाला की आक्रसतो, आणि सिमेंटचे टवके निघून खाली राखेत पडतात. दोरी बरी, ती पत्र्याबरोबर दबते-सुटते.

थंडगार

अण्णा, पटलं. माझ्याकडे त्या सांध्यातून धूर येतोच, मी तिथे फॉइलच्या घड्या कोंबते. या वर्षी दोरी आणते.

पुणेरी_पाटी

फॉइल कोंबून आठ-आठ तास मांस शिजवणाऱ्यांनी आमच्या मिसळीच्या तर्रीला नावं ठेवू नयेत.

खमंग

अण्णा, हे सोन्यासारखं लिहिलंत. दोरी मागवली. शनिवारी खोका फोडतो. सीझनिंगचं कोणी बोला.

बिडाचा_तवा

आयडीला जागून लिहिते. (लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.)

कारखान्यातून येताना पत्र्यावर गंज धरू नये म्हणून तेल मारलेलं असतं, ते खायचं नसतं. जोडण्याआधीच सगळे भाग आतून भांडी घासायच्या साबणाने गरम पाण्यात धुवा आणि लगेच कोरडे करा. लगेच म्हणजे लगेच, उघड्या लोखंडावर दुपारपर्यंत तांबूस छटा येते. जाळ्या कोणत्या आहेत ते बघा. चकचकीत काळं पोर्सिलेनचं आवरण असेल तर त्यांना काही करायला नको, नुसत्या धुवा. बिडाच्या असतील तर त्यांनाही तेल.

मग नळकांड्याच्या आतून तेलाचा हात द्या, झाकणाच्या आतल्या बाजूलाही. पातळ म्हणजे अगदी पातळ. लावायचं आणि कोरड्या फडक्याने असं पुसायचं की जणू चुकून लागलं होतं. ओघळ राहिले की ते चिकट होतात आणि त्यावर राख बसते. कनोला चालतं, द्राक्षबियांचं चालतं, घरात असेल ते कुठलंही रिफाइंड चालतं. पेटीच्या आत लावलं काय नि नाही काय, जाळात सगळं उडतंच.

मग जाळ. आधी दोन-तीन तास 250 फॅरनहाइटच्या आसपास, धुराडं पूर्ण उघडं. नंतर कोळसा वाढवून तासभर 350 ते 400 पर्यंत न्या. बरेच जण ही दुसरी पायरी सोडतात. तेलाचा कडक, कोरडा थर बसायला चांगली उष्णता लागते. अडीचशेवर पेटीपासून लांबचं टोक इतकं तापतच नाही, तिथे तेल नुसतं चिकट होऊन राहतं आणि पहिल्या पावसाळ्यात गंज तिथूनच सुरू होतो. या जाळावर काही शिजवायचं नाही, त्या रंगाच्या आणि तेलाच्या वाफा असतात.

पेटीचा बाहेरचा रंग फुगेल, पोपडे निघतील. घाबरून दुकानात फोन करू नका, या किमतीत सगळ्यांचे निघतात. गार झाल्यावर तारेच्या ब्रशने घासा, हाय-हीट रंगाचा फवारा मारा किंवा पेटी कोमट असताना तेलाचं फडकं फिरवत राहा.

साजूकतूप

तेलाऐवजी तूप लावलं तर? वास तरी घरचा येईल.

बिडाचा_तवा

तुपात संपृक्त चरबी जास्त, ती अशी कडक होत नाही. तेलातल्या असंपृक्त चरबीचे रेणू उष्णतेने एकमेकांत गुंततात, थर त्याचाच असतो. तूप वरणावर घ्या.

रानवारा

मग त्या हिशेबाने जवसाचं तेल सगळ्यात भारी. ते तर रंगवाले आणि सुतार लाकडाला लावतात.

बिडाचा_तवा

बसतो भारी, पण ठिसूळ. तव्यावरून खपल्या निघतात हा अनुभव बऱ्याच जणांचा आहे. आणि महाग. नळकांड्याला कनोलाच बरा.

डोंगरमाथा

डेन्वरहून एक थर्मामीटरची गोष्ट. झाकणावर जो गोल काटा येतो त्यावर विसंबू नका. एक तर तो झाकणाच्या वरच्या भागात, तिथे गरम हवा साचते. मांस असतं त्याच्या सहा-आठ इंच खाली. जाळीवर ठेवायचा वायरवाला प्रोब घ्या, शक्यतो दोन तोंडांचा, म्हणजे एक जाळीवर आणि एक मांसात.

घेतला की उकळत्या पाण्यात बुडवून तपासा. समुद्रसपाटीला 212 दाखवायला हवा. आमच्याकडे 5280 फुटांवर पाणी 202-203 लाच उकळतं, त्यामुळे इथली मंडळी चांगला थर्मामीटर नादुरुस्त म्हणून परत करतात :) पुण्यात तपासलात तर साधारण 208-209.

शंकासुर

सेल्सियसमध्ये बोला रे कोणीतरी. आम्ही ठाण्यात आहोत.

डोंगरमाथा

225 म्हणजे 107. 250 म्हणजे 121. 275 म्हणजे 135. चिकन आतून 165 म्हणजे 74 झालंच पाहिजे. एवढं पाठ केलं की काम भागतं.

पुणेरी_पाटी

थट्टा पुरे, खरंच एक विचारतो. सिंहगड रस्त्याच्या पुढे थोडी जागा आहे, तिथे दोनशे लिटरच्या पिंपाचा उभा स्मोकर करायचं मनात आहे. पिंप भंगारवाल्याकडे सहज मिळतं. अण्णा, हे काम कितपत सोपं?

भोसरीअण्णा

काम अर्ध्या दिवसाचं, पिंप निवडायला मात्र वेळ द्या. आत आधी काय होतं ते कळल्याशिवाय पिंप घ्यायचं नाही. केमिकलचं, सॉल्व्हंटचं, कीटकनाशकाचं कितीही स्वस्त मिळालं तरी नको. खाद्यतेलाचं किंवा मधाचं बघा. आणि ज्यात ज्वलनशील काही होतं अशा बंद पिंपाला ग्राइंडर लावायचा नाही, आतल्या वाफेने ते फुटतं. आमच्या धंद्यात हे पहिल्या दिवशी शिकवतात.

पुष्कळ पिंपांना आतून लाखेसारखा लालसर नाहीतर पिवळट थर असतो. तो भडक जाळ करून जाळायचा आणि मग घासून पत्रा उघडा करायचा. तो ठेवून वर चिकन लावू नका. बुडाला हवेची तीन-चार भोकं, त्यांना झाकणं. कोळशाची जाळीची टोपली बुडापासून थोडी वर, म्हणजे राख खाली पडते आणि हवा खालून शिरते. मांसाची जाळी निखाऱ्यापासून दोन फूट वर.

एक सांगायचं राहिलं, खमंगभाऊ तुम्हीही ऐका. टोपली असो वा जाळी, गॅल्व्हनाइज्ड काहीही वापरायचं नाही. पांढरट चमक असते ना, ते जस्त. तापलं की त्याचा पांढरा धूर निघतो, तो नाकात गेला की रात्री हुडहुडी भरून ताप. वेल्डरांना विचारा. साधी काळी एक्सपांडेड जाळी घ्या.

रानवारा

पाटी, लाकडाचं काय करणार? वखारीत मागाल तर कडुनिंबापासून सागाच्या भुग्यापर्यंत काय देतील सांगता येत नाही.

पुणेरी_पाटी

आंबा मिळतो. बाभूळही. दुसरं काही सुचवता का?

टेक्सासकर

इथे मला बोलू द्या. टेक्सासच्या पश्चिमेला मेस्कीट जाळतात. आपल्याकडे रस्त्याकडेला, माळावर सगळीकडे माजलेली वेडी बाभूळ आहे ना, ती याच मेस्कीटची सख्खी बहीण, दोघी प्रोसोपिस. सोलापूर-मराठवाड्याकडे तिचा कोळसाही पाडतात. फुकट मिळेल आणि शेतकरी वर दुवा देईल. फक्त धूर तिखट असतो, मोठ्या मांसाला दिवसभर दिलात तर कडू होतं. तिचे निखारे करून वापरा आणि धुरासाठी आंब्याचे एक-दोन तुकडे. मध्य टेक्सासात आम्ही पोस्ट ओक वापरतो, तो सौम्य. चीड, देवदार असलं राळेचं लाकूड कुठेही नको. रंग दिलेलं, प्लायवूड, पॅलेटची फळकुटं नको. आणि कुंपणाच्या कण्हेरीची काडीही नको, ती विषारी आहे.

साजूकतूप

टेक्सासकर पहिल्यांदाच पत्र्याची जाडी सोडून बोलले. वाचनखूण साठवली.

अलिबागकर

एवढा धूर बघून राहवलं नाही. आमच्याकडे थंडीत पोपटी लावतात. मडक्याच्या बुडाला भांबुर्ड्याचा पाला, वर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, मधे अंडी, मसाला लावलेलं चिकन केळीच्या पानात बांधून, परत शेंगा, आणि तोंडाला पाला घट्ट कोंबायचा. मडकं उपडं, भोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्या, आणि लावा जाळ. झाली की नाही कसं बघायचं? मडक्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडायचे, चर्र करून उडाले की काढा. थर्मामीटर नाही, गॅस्केट नाही. पाण्याचा थेंबही न घालता शेंगा नुसत्या पाल्याच्या वाफेवर शिजतात आणि त्या पाल्याचा जो वास लागतो तो तुमच्या त्या अमेरिकन हिकरीच्या लाकडाला येणार नाही.

चिंचगूळ

अलिबागकर, हे वाचून आता ऑफिसात बसवत नाही. इथे भांबुर्डा कुठून आणू?

अलिबागकर

तिकीट काढून या. जानेवारीत या, शेंगा भरलेल्या असतात.

शंकासुर

आणि मडकं? मडक्याला सीझनिंग किती अंशावर? :)

खमंग

गाडी रुळावर आणतो. जोडला! अण्णांनी सांगितल्याप्रमाणे सगळे नट सैल ठेवून शेवटी आवळले, झाकण सरळ बसलं. पेटीच्या सांध्यात दोरी, बाकी ठिकाणी सिलिकॉन, झाकणाला फेल्ट. रात्री आत मोठा टॉर्च लावून झाकण बंद केलं आणि बाहेरचा दिवा मालवला. झाकणाच्या डाव्या कोपऱ्यात उजेडाची एक रेघ दिसली, तिथे पट्टी दुहेरी केली आणि पुढच्या कडेला ओढून धरणारे दोन क्लॅम्प लावले. परत टॉर्च लावला, रेघ गेली. पोरांना हा खेळ फार आवडला.

सीझनिंगही तव्याताईंच्या पद्धतीने झालं. आतला रंग आता काळा-तपकिरी, बोट फिरवलं तर कोरडा. पेटीचे पोपडे निघाले, वेळापत्रकाप्रमाणे.

आता एक अडचण. चारशेवर असताना ब्रेडचे स्लाइस जाळीवर एका ओळीत मांडून पाहिले. पेटीकडचे दोन काळे ठिक्कर, मधले छान बदामी, धुराड्याकडचे पांढरेफटक. दोन्ही टोकांत प्रोबने सत्तर अंशांचा फरक. इथे ट्यूनिंग प्लेट (उष्णता सारखी पसरवायला जाळीखाली ठेवतात त्या लोखंडी पट्ट्या) लावू का? आणि धुराड्याचं तोंड आतून खाली, जाळीच्या पातळीपर्यंत आणायचं म्हणतात, तेही करू का?

थंडगार

करा. मी अ‍ॅल्युमिनियमचा घडीचा पाइप धुराड्याच्या तोंडाला आतून लावलाय. गरम हवा वरच्या वर पळून जात नाही, मांसावरून जाऊन मग बाहेर पडते. लांबच्या टोकाला चांगला फरक पडतो.

टेक्सासकर

हळू. बऱ्याच चांगल्या पिटचं धुराडं जाळीच्या पातळीवरूनच निघतं हे कबूल, पण ते जाडीला आणि पेटीच्या आकाराला जुळवून केलेलं असतं. इथे नळी वाकवून खाली आणलीत की ओढ कमी होते, जाळ धुमसतो आणि पांढरा धूर होतो. पांढरा धूर म्हणजे मांसावर डांबर, जीभ बधिर होते. धूर इतका विरळ हवा की धुराड्याच्या तोंडाशी निळसर झाक दिसते न दिसते.

खमंग, आधी जाळ शिका, मग लोखंड कापा. धुराड्याची झडप पूर्ण उघडी ठेवायची, तापमान फक्त पेटीच्या हवेच्या दारावर सांभाळायचं. लाकूड सुकलेलं घ्या आणि छोटे तुकडे करा, मनगटाएवढे, पाऊण-एक तासाला एक. ते पेटीच्या झाकणावर ठेवून आधी गरम करून घ्या, म्हणजे टाकल्याबरोबर पेट घेतं, धुमसत नाही. आणि पेटीच्या तोंडासमोर जुना बिडाचा तवा नाहीतर पाण्याचा ट्रे ठेवून बघा. प्लेटचं निम्मं काम फुकटात होतं.

थंडगार

टेक्सासकर, माझा जाळ धुमसत नाही हो. गेली तीन हिवाळे चालतोय.

टेक्सासकर

तुमच्याकडे बाहेर उणे वीस असताना कुठलंही धुराडं खेचेल :) थंड हवेत ओढ जास्तच असते. जुलैच्या ओहायोत बघा.

थंडगार

हे मात्र खरं असू शकेल. उन्हाळ्यात मी फारसा लावत नाही, डास फोडून काढतात. हिवाळ्यात वर वेल्डिंगचं ब्लँकेट टाकते. (पेटीवर नाही, फक्त नळकांड्यावर.)

भोसरीअण्णा

प्लेट करायच्याच असतील तर तीन-चार जाड पट्ट्या घ्या, जोडू नका, सुट्या ठेवा. पेटीजवळ एकमेकींना खेटून आणि पुढे पुढे फट वाढवत. सरकवून सरकवून ब्रेड परत परत लावून बघा. वेल्ड केलंत की अक्कल वापरायची सोय संपते. तापल्यावर पट्टी लांबते, दोन्ही टोकांना कागदाएवढी नव्हे, चांगली पाव इंच जागा सोडा.

चिंचगूळ

आणि राख? ती कोणी सांगितली नाही. वरून गार दिसते, आत दुसऱ्या दिवशीही निखारा असतो. कचऱ्याच्या प्लास्टिकच्या पिंपात टाकू नका. झाकणवाली पत्र्याची बादली ठेवा, तीही डेकवर नको. पाऊस आला म्हणून स्मोकर गॅरेजमध्ये ओढायचा मोहही नको, दार उघडं असलं तरी. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

रानवारा

शाकाहाऱ्यांचं काय ठरलं? एवढ्या चर्चेत वांग्याचा उल्लेख नाही.

साजूकतूप

वांगी मी सांगतो, हे आमचं खातं. मोठं भरताचं वांगं घ्या, टोचे मारा, मधे लसणाच्या पाकळ्या खुपसा. 250 वर दीड-दोन तास, हात लावला की बसलं पाहिजे. पण तेवढ्यावर सोडू नका. धूर आत शिरतो, साल मात्र जळत नाही, आणि जळल्या सालीशिवाय भरताला चव नाही. शेवटी पेटीत थेट निखाऱ्यावर धरून सगळीकडून काळं करा. टोमॅटो आणि हिरव्या मिरच्या सोबत ठेवा, त्यांना अर्धा तास पुरतो. पनीर जाड कापा, तेल-मीठ-हळद लावून तासभर. त्याहून जास्त वेळ ठेवलं तर रबर.

खमंग

4 जुलै पार पडला. सविस्तर लिहितो, कारण हा धागा नंतर कोणी शोधत येईल.

धुराड्याला हात लावला नाही. पेटीच्या तोंडाशी अण्णांच्या सुट्या पट्ट्या, भंगारातून वजनावर आणलेल्या, आणि त्यांच्यावर पाण्याचा ट्रे. टोकाटोकांतला फरक पंचवीस अंशांवर आला. तो उरलेला फरक आता मला हवासाच वाटतो: चिकनच्या तंगड्या पेटीकडे आणि बोकडाचा खांदा लांबच्या टोकाला. तंगड्यांना 300 च्या पुढे ठेवलं म्हणून साल कुरकुरीत झाली, अडीचशेवर ती चिवट होते. खांद्याला कांदा-लसूण मसाला, मीठ आणि थोडं मोहरीचं तेल. तो सकाळी सातला लावला. आतलं तापमान 160 ला पोचलं आणि तिथेच अडून बसलं, तास उलटला तरी हलेना. पाहुणे अकरापासून दारात. मांसाला घाम सुटून तो वाळत असतो, त्यात सगळी उष्णता जाते हे वाचलं होतं, तरी जीव खालीवर होतोच. बुचर पेपरमध्ये (मांस बांधायच्या जाड कागदात) गुंडाळला, काटा सरकला, 200 ला काढला आणि तासभर टॉवेलमध्ये गुंडाळून रिकाम्या कूलरमध्ये (पिकनिकच्या बर्फाच्या पेटीत) ठेवला. हाड नुसतं ओढून हातात आलं.

भरत सगळ्यात आधी संपलं. मांसाहाऱ्यांनी संपवलं, त्यावरून शाकाहारी पक्षाने निषेध नोंदवला. साजूकतूप, श्रेय तुमचं.

आता मूळ प्रश्नाचं माझं उत्तर. सांधे जोडतानाच बंद केले, ते सगळ्यात कामाचं. जाळीवरचा प्रोब त्याच तोडीचा. सुट्या पट्ट्या आणि कोळशाची टोपली, स्वस्तात मस्त. बाकी ब्लोअर, पाइप वगैरे तूर्त नाही. वाऱ्याला मात्र हा पत्रा खरंच हलतो, टेक्सासकर. दुपारी वारा सुटला तेव्हा कुंपणाच्या बाजूला प्लायवूडचा आडोसा उभा करावा लागला.

टेक्सासकर

अभिनंदन. खांद्याचे फोटो टाका. पुढच्या वेळी जाड पत्र्याचा घ्याल हे लिहून ठेवतो.

शंकासुर

फोटो नाही तर पार्टी झालीच नाही.

खमंग

फोटो रात्री टाकतो, पोरीच्या फोनमध्ये आहेत. तव्याताई, एक राहिलं. ताडपत्रीचं कव्हर घालून ठेवलाय, काल उघडलं तर झाकणाच्या आत बारीक पाणी साचलेलं. कव्हर काढून टाकू का?

बिडाचा_तवा

काढू नका, पण खालून हवा जाऊ द्या, दोरी घट्ट बांधू नका. धुराड्यावर एखादं रिकामं टमलर उपडं घाला आणि आतली झडप थोडी उघडी ठेवा. ग्रीसची बादली रिकामी केलीत ना? तिच्यात पाणी साचलं की बुरशी येते. आणि लांबच्या टोकाला, नळकांड्याच्या तळाशी एकदा हात फिरवून बघा. तिथे चिकट लागलं तर पुढचं काही लावायच्या आधी नुसताच तासभर कडक जाळ द्या.